एकोणीस ओळींची चोरी

"पाचपर्यंत उलगडा झाला नाही, तर पोरीला घरी बसवतो," म्हणत साहेबांनी पत्र टेबलावर आपटलं.

ते उचलणाऱ्या बाईंना ऑफिसात सगळे 'गाळणी' म्हणत. बाहेरचा कुठलाही प्रोग्राम आत येण्याआधी त्याचा परवाना तपासायचा, हे त्यांचं काम.

पत्र निनावी होतं. कंपनीच्या रक्त तपासायच्या यंत्राचा ड्रायव्हर, म्हणजे यंत्रातलं कार्ड आणि संगणक यांचं बोलणं जुळवून देणारा प्रोग्राम, चोरीचा आहे म्हणे. अशाच कार्डाचा, पण दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी लिहिलेला एक खुला ड्रायव्हर होता. खुशाल फुकट वापरा, पण त्यातलं काही उचललंत तर स्वतःचा प्रोग्रामही सगळ्यांना खुला करा, अशी त्याची अट. आणि दोन्हींतल्या एकोणीस ओळी तंतोतंत जुळत होत्या.

ही अट अंगाशी येऊ नये म्हणून तर दोन खोल्या केल्या होत्या. एकीत मास्तर. खुला ड्रायव्हर सांभाळणाऱ्या मंडळीतले ते जुने जाणते. त्यांनी तो वाचायचा आणि कार्डाला काय काय लागतं ते वहीत साध्या भाषेत उतरवायचं. दुसरीत त्यांचीच विद्यार्थिनी, साहेब म्हणाले ती पोरगी. तिने नुसती वही बघून नवा लिहायचा. एकमेकांचं काम बघायला सक्त मनाई. मास्तरांना वाचायला दिलेल्या प्रतीची नक्कल आठ महिन्यांपूर्वी गाळणीबाईंनीच कपाटात सीलबंद ठेवली होती.

आधी पोरीला बोलावलं.

"खुला ड्रायव्हर उघडला होतास कधी?"

"नाही हो बाई, आईशपथ."

"मग या ओळी कशासाठी?"

"पाव सेकंद थांबून कार्डाला पुन्हा हाक मारायला. सहा महिन्यांपूर्वी आपण चाचणीसाठी सहा कार्डं बनवली, ती सुरू केली की मुकीच व्हायची. मग मी माझ्या डोक्याने लिहिलं. कार्डं भंगारात गेली, ओळी राहिल्या."

"कुणाला दाखवल्यास?"

पोरीने मान खाली घातली. "नाही."

ते 'नाही' काही बाईंच्या घशाखाली उतरलं नाही.

मग मास्तर.

"या ओळी खुल्या ड्रायव्हरमध्ये कधीपासून आहेत?"

"तीन वर्षं. ओळी घालताना होते त्या नोंदीवर तारीख आहेच की."

"तुम्ही वाचल्या होत्या?"

"ओळन् ओळ वाचलीये मी. त्याही वाचल्या. पोरीने कुठूनतरी बघितलं असणार. वाईट वाटतं."

साडेचारला सगळे साहेबांच्या खोलीत जमले.

"मास्तर," बाई म्हणाल्या, "तुमच्या वहीत कार्डाचा दिवा किती वेळा लुकलुकतो तेसुद्धा आहे. मग हे पाव सेकंद थांबणं कसं नाही?"

"राहून गेलं असेल."

"राहिलं नाही. ओळीच नव्हत्या. आज सील फोडलं, त्या प्रतीत त्यांचा पत्ता नाही. आणि रोग सहा महिन्यांपूर्वीचा, तोही आपल्याच सहा कार्डांना. भंगारात जाईपर्यंत ती कधी या दाराबाहेर गेली नाहीत. मग औषध तीन वर्षांपूर्वी कुणी काढलं?"

"पण तारीख?" साहेबांनी विचारलं.

"ती पाठवणाऱ्याच्या संगणकावरून येते. घड्याळ मागे केलं की काम झालं. साहेब, चोरी उलटी झालीये. ओळी इकडून तिकडे गेल्या. तिकडे नोंद करायचा हक्क या इमारतीत एकालाच आहे, आणि नसलेल्या ओळी वाचल्या म्हणून सांगणाराही तोच."

"मीच दाखवल्या," पोरगी पुटपुटली. "कार्ड बोलेना. सरांना नाही विचारणार तर कुणाला?"



"मला आपला ड्रायव्हर खुला करून हवा होता," मास्तर म्हणाले. "यंत्र बंद पडलं की लहान दवाखान्यांनी कंपनीच्या माणसाची वाट बघत किती दिवस बसायचं? खुला असता तर त्यांनीच दुरुस्त केला असता. वाटलं, पत्राला घाबरून कंपनी ऐकेल."

"आणि मी?"

"तू हुशार आहेस. कुठेही नोकरी लागली असती तुला."

"चोर म्हणून, सर?"

साहेबांनी फोन उचलला, पण पोरगी अजून तिथेच उभी होती.

"मलाही तो खुलाच हवा होता," ती म्हणाली. "नुसतं विचारलं असतंत, तर साहेबांशी भांडायला मी तुमच्याआधी इथे आले असते."

आणि डोळे पुसत ती आपल्या खोलीकडे निघून गेली.