सुयांसह

“केऱ्याला सुईसुद्धा मिळता कामा नये!” लंकाबाई कडाडल्या, आणि बुद्धभूषण वकिलांनी मृत्युपत्रात ‘शिवणयंत्र’पुढे ‘सुयांसह’ असं लिहिलं.

ज्या धाकट्या भावासाठी त्यांनी स्वतःच्या लग्नावर पाणी सोडलं, सिडकोतल्या याच घरात ब्लाउज शिवून शिवून ज्याला लहानाचा मोठा केला, त्याच केरूने लेकीच्या लग्नपत्रिकेत सख्ख्या आत्याचं नाव छापलं नव्हतं... अकरा वर्षं लोटली, काळजातला घाव अजून ओला होता! म्हणून घर शेजारच्या उज्वलाला, यंत्र वकिलांच्या टायपिस्टबाईंना, पंखा डॉक्टरांना, कुकर दूधवाल्याला आणि कुकरची शिट्टी इस्त्रीवाल्या फारुखभाईंना.

“साक्षीदार दोन हवेत,” वकील म्हणाले. “एक मी. दुसरा तुम्हाला ओळखणारा हवा, पण ज्याला तुम्ही काहीच दिलेलं नाही असा.”

लंकाबाईंनी अख्खी गल्ली आठवली. वॉचमनला बादली होती. असा अभागी जीव कुठे उरलाच नव्हता!

“एक आहे...” त्या क्षीण स्वरात म्हणाल्या.

केरू सिन्नरहून एसटीने आला. केस पांढरे, सदऱ्याचं वरचं बटण तुटलेलं, हातात कोथिंबिरीची जुडी. त्याने मृत्युपत्र सुयांपर्यंत वाचलं.

“सही कुठं करू?”

लंकाबाईंच्या हृदयावर जणू वीज कोसळली. भांडलासुद्धा नाही!

“मेल्या, सगळं दुसऱ्याला देते, अन् तू गप सही करतोस?”

“अक्का, पत्रिकेसाठी मी पाव्हण्यांची यादी केली व्हती. तू पाव्हणी नाय, म्हून यादीत नाय. छापून आली तवा कळलं...”

“हे सांगायला अकरा वर्षं?”

“तू फोन उचलला नाय.”

“किती वेळा केलास?”

“...एकदा.”

लंकाबाईंचा बांध फुटला. “वकीलसाहेब, घर केरूला लिहा!”

“मग हे साक्षीदार चालणार नाहीत.”

“मग फाडा तो कागद!”

“मृत्युपत्रच नसेल, तर कायद्याने सगळं भावालाच जाईल.”

“शिट्टीसकट?”

“शिट्टीसकट.”

लंकाबाईंनी स्वतःच कागद फाडला आणि डोळे टिपले. “केऱ्या, शिट्टी तेवढी फारुखभाईंना दे. शब्द दिलाय मी.”

“देतो. पर सुयांचं मी काय करू?”

त्या उठल्या. यंत्राच्या खणातून एक बटण आणि सुई काढली, ओवली, आणि त्याच्या गळ्याशी बटण धरलं.

“तोंडात दोरा धर. अंगावर शिवताना धरावा.”

केरूने दोरा दातांत धरला. रडू आलं होतं, पण तोंड उघडायची सोय नव्हती... आणि बटण केव्हाच घट्ट बसलं होतं तरी अक्का टाके घालतच होत्या.