हवेत थांबलेलं विमान

साताऱ्याला मी गेलो तो दादाची बॅग आणायला. दुसरं काही मनात नव्हतं. खरं तर उंब्रजच्या घाटावरून उठून जायला मला निमित्तच हवं होतं.

त्या सकाळी राजवर्धनदादाचा दहावा होता. ऊन डोक्यावर आलं तरी पिंडाला कावळा शिवेना. समोरच्या बाभळीवर कावळे बसले होते, पण एकही खाली उतरत नव्हता. मग सुरू झालं. आकाराममामा हात जोडून म्हणाला, आईबापाला सांभाळू. चुलता म्हणाला, सिद्धूचं लग्न करून देऊ. माझ्या लग्नावाचून दादाचं काय अडलं होतं? ज्याला जे सुचेल ते तो कबूल करत होता. शेवटी भटजी दर्भाचा कावळा वळायला लागले, तेव्हा आबांनी त्यांचा हात धरला.

"माझं पोर असं जायाचं न्हाई. मी हितंच बसतो."

तेवढ्यात दादाच्या मालकाचा, बाळासोंचा, फोन आला. बॅग पडून आहे, घेऊन जा. आजच सुचलं त्यांना. मी चिडून गाडीला किक मारली.

बाळासोंचं सेंटर एमआयडीसीत आहे. तिथं विमान नाही, विमानाचं नुसतं तोंड आहे. पत्र्याच्या शेडमध्ये लोखंडी पायांवर उभी केलेली एक पांढरी पेटी. आत खऱ्यासारखी बटणं, आणि काचेबाहेर पडद्यावर आभाळ. विमान कंपन्या असलं महागडं मशीन स्वतः घेत नाहीत, पायलट इथं पाठवून शिकवून घेतात. मशीन उभं राहिलं की बाळासोंचं नुकसान. म्हणून मशीन थांबायचं नाही आणि माणसानंही थांबायचं नाही. दादाकडं पायलटचं लायसन होतं, नोकरी नव्हती. तो मागच्या खुर्चीत बसून दुसऱ्यांना शिकवायचा. विमानतळावरच्या टॉवरचा आवाजही तोच काढायचा. पुढचा पायलट विचारायचा, उतरू का? दादा हो म्हणाला की त्यानं उतरायचं.

शेवटच्या दिवशी दोन पाळ्या सलग झाल्या. दादाला डोळे उघडे ठेवता येईनात. विमान उतरायच्या आधीच त्यानं ते हवेत थांबवलं, राहिलेलं सकाळी करू म्हणाला आणि निघाला. नागठाण्याजवळ गाडीवरच त्याला झोप लागली.

शेडमध्ये बाळासो माझ्यावरच वैतागले, जसं काही मीच मशीन बिघडवलं होतं. दादा गेल्यापासून ते चालेना. पायलट येऊन परत जात होते. मी म्हणालो, मला बॅग द्या. बॅग आतच होती. दादाचा दोस्त आसिफ मशीनची देखभाल करायचा, तो मला आत घेऊन गेला.

आत गार अंधार होता. रेक्झिनचा वास, आणि त्यात लवंगेचा. झोप येऊ नये म्हणून दादा लवंग चघळायचा. विमान हवेत तसंच उभं होतं. काचेबाहेर खाली धावपट्टीचे दिवे, वर ढग, काहीच हलत नव्हतं.

"सगळी मेमरी पुसून बघितली, गड्या," आसिफ हळू आवाजात म्हणाला. "चालू केलं की हितंच येतंय. पुढं न्हाई, मागं न्हाई..."

तो मशीन बंद करायला बाहेर मेन स्विचपाशी गेला. बॅग दादाच्या खुर्चीखाली होती. ती ओढायला मी खुर्चीत बसलो, आणि समोर लटकलेला त्याचा हेडफोन कानाला लावला. आत बारीक खरखर होती. कोणीतरी श्वास रोखून वाट बघावी तशी.

मला एकदम संताप आला. बाळासोंचा, मामाचा, त्या कावळ्यांचा. आणि दादाचासुद्धा. मेल्यावरही ड्युटी?

"दादा, बास झालं रं," मी म्हणालो. "तुझी राहिलेली पाळी मी करतो. तू जा."

पेटी हलली. ढग वर सरकले. पुढच्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या होत्या, तरी मधली इंजिनाची दांडी आपोआप मागं आली. दिवे जवळ आले, मोठे झाले, आणि खालून एक हलका दणका बसला. विमान उतरलं होतं. लवंगेचा वास गेला.

खिशातला फोन वाजला. आबा रडत होते.

"शिवला रं, सिद्धू... आत्ताच शिवला. हितं कुणी काय बोललं न्हवतं. काय कबूल केलंस तू?"

बाहेरून आसिफनं मेन स्विच ओढला. दिवे गेले, पंखे गेले, सगळं शांत झालं. मी हेडफोन काढायला हात वर नेला.

काचेबाहेर परत ढग दिसायला लागले. खाली धावपट्टी. विमान हवेत उभं होतं.

"आसिफ... बंद केलंस ना?"

"व्हय. वायरच काढलीय. का रं?"

हेडफोनमध्ये एक आवाज आला. दादाचा नव्हता. तरणा, दमलेला, अनोळखी.

"सर... उतरू का?"

मी बॅग तिथंच टाकून पळालो. बाळासोंचं मशीन आता नीट चालतं, पायलट येतात-जातात. पण कुणाचाही फोन आला की समोरचा माणूस बोलायच्या आधी तीच खरखर येते, आणि तोच अनोळखी आवाज विचारतो, उतरू का? आज दुपारी आईच्या फोनवरही विचारलं. दर वेळी त्याचा आवाज थोडा अजून दमलेला असतो.

मी अजून हो म्हणालेलो नाही. उतरल्यावर तो कुठं येईल, हे मला माहीत नाही.