कोणी नाही, लावा दार

ही घटना खरी आहे. पटत नसेल तर सोडून द्या, माझं काही म्हणणं नाही. पण ही मी माझ्या सख्ख्या मामाच्या तोंडून ऐकली आहे, आणि मामाला थाप मारता येत नाही. पत्ते खेळताना त्याच्या हातात काय आलंय ते आम्हा पोरांना त्याच्या चेहऱ्यावरून कळायचं. शिवाय शेवटचं जे आहे, ते मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय.

मागच्या वर्षीची गोष्ट. शनिवार होता. रात्रबित्र काही नव्हती, चांगली लख्ख दुपार होती.

मामा रेफ्रिजरेशनचा मेकॅनिक. मोठमोठी कोल्ड स्टोरेजं दुरुस्त करतो. त्या दिवशी त्याला एका लहानशा गावातून बोलावणं आलं होतं. गाव म्हणजे एक रस्ता. सायकलवाला, शिंपी, दोन किराणा दुकानं, संपलं गाव. त्याच्या पुढे मोकळ्या माळावर बटाट्याचं कोल्ड स्टोरेज.

मॅनेजर वैतागलेला होता. "शेवटच्या चेंबरचं काय ते बघा बुवा एकदाचं. सेन्सर दाखवतो की आत हवीय त्यापेक्षा जास्त थंडी आहे. मग मशीन आपोआप बंद पडतं आणि बटाट्याला कोंब फुटतात. आत तर एवढी थंडी नसते! दोन वेळा सेन्सर बदलला. पुन्हा तेच."

"सेन्सर बाहेर काढून तपासलात?"

"बाहेर अगदी बरोबर दाखवतो."

मामाने मनात म्हटलं, दहा मिनिटांचं काम. म्हणून जॅकेट मशीनरूममध्येच ठेवलं आणि अर्ध्या बाह्यांच्या शर्टावर निघाला.

चेंबरच्या दाराशी हमालांच्या चपला ओळीने होत्या. आत जाताना चपला बाहेर काढायच्या आणि भिंतीवरचे गमबूट घालायचे, अशी तिथली पद्धत. शनिवारी अर्धा दिवस काम. हमाल बाहेर येत होते, आपापल्या चपला पायात सरकवून घरी पळत होते. बघता बघता ओळ संपली.

एकच जोड उरला.

जुन्या चपला. एकीचा पट्टा तारेने बांधलेला.

"अहो, कुणीतरी राहिलंय आत," मामा म्हणाला.

"त्या? त्या असू द्या. त्या नेहमीच्याच आहेत." मॅनेजरने तिकडे बघितलंसुद्धा नाही. "तुम्ही बूट इथेच काढा. सगळे इथेच काढतात." तेवढ्यात त्याचा फोन वाजला आणि तो बोलत बोलत गेला तो गेलाच.

मामाच्या लक्षात तेव्हाच एक गोष्ट आली होती. सगळ्या पॅसेजमध्ये बोटभर धूळ होती...

त्या चपलांवर मात्र अजिबात नव्हती.

आता बुटांचं सांगते, कारण सगळं रामायण त्या बुटांनीच केलं. मामाच्या लेकीने पहिल्या पगारातून ते बूट त्याला घेतले होते. आणि महिन्याभरापूर्वीच एका लग्नाच्या हॉलबाहेरून त्याचा आधीचा जोड कुणीतरी ढापला होता. तेव्हा मामाने काय करावं? गमबूट चढवले, आजूबाजूला बघितलं आणि लेकीचे बूट गुपचूप हत्यारांच्या बॅगेत कोंबले.

बॅग खांद्याला लावून तो आत गेला.

आत लांबच लांब रॅक. त्यावर छपरापर्यंत पोती. मधून एक माणूस जाईल एवढी वाट. सेन्सर अगदी टोकाला, वरच्या रॅकजवळ. अंगठ्याएवढी धातूची नळी, वायरीला लोंबकळणारी. मामा रॅकवर चढला. वायर तपासली, जोड तपासले. सगळं ठीकठाक.

आणि मागे दार हललं.

पॅसेजमधल्या उजेडात एक म्हातारा दिसला. तो तिथला दारवाला. मामा आत आला तेव्हा तो चहाला गेला होता. म्हाताऱ्याने खाली बघितलं. चपलांची जागा न्याहाळली.

आणि दार लोटायला लागला.

"अहो काका! थांबा! मी आहे आत!" मामा जीव तोडून ओरडला.

आणि त्याच्या मागून... जिथे फक्त भिंत होती तिथून... आवाज आला.

"कोणी नाही, लावा दार."

मामाचाच आवाज. तीच जरा घोगरी पट्टी.

धप्प करून दार बसलं. बाहेरून कडी पडली. मग दिवा गेला, कारण दिव्याचं बटणही बाहेरच होतं.

काळोख. नुसता काळोख.

मामा धडपडत खाली उतरला. मोबाइलचा टॉर्च लावला. रेंज नव्हती, एवढ्या जाड भिंतींत कुठून असणार? आतून दार उघडायचा दांडा हातात घेतला तर तो मोडका, नुसता गरागरा फिरला. धोक्याच्या घंटेचं लाल बटण दाबलं. कुठेच काही वाजलं नाही. मामाने त्या मॅनेजरच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. दारावर पान्याने ठोकलं, ओरडला, पुन्हा ठोकलं. हातभर जाडीच्या थर्माकोलने सगळं गिळून टाकलं.

मग त्याचं डोकं चालायला लागलं आणि तो खरा घाबरला. शनिवार दुपार. उद्या रविवार. आता हे दार थेट सोमवारी उघडणार. आणि बर्फाच्या जवळपासच्या त्या थंडीत, अर्ध्या बाह्यांच्या शर्टात, माणूस सोमवारपर्यंत टिकत नाही. हे त्याला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. त्याचा धंदाच तो.

मॅनेजरला वाटणार, बूट दिसत नाहीत म्हणजे काम उरकून गेला. घरी मामीला फक्त एवढं माहीत होतं, की संध्याकाळच्या गाडीने येतोय.

पण धंद्याचंच त्याला आठवलं. सेन्सर गरम केला तर बाहेरच्या पॅनेलला वाटेल की चेंबर तापलं. मग मशीनरूममधला भोंगा वाजेल. कुणीतरी बघायला येईल.

फक्त एक गोची होती. चेंबर तापलंय असं वाटलं की मशीनही जोरात सुरू होणार. म्हणजे सुटायचं असेल तर आधी अंगावर आणखी थंडी ओढून घ्यायची. दुसरा इलाज नव्हता.

तो पुन्हा वर चढला. सेन्सर मुठीत घट्ट धरला.

थोड्या वेळाने पंखे घुमायला लागले. गार वाऱ्याचा झोत थेट तोंडावर. दात वाजायला लागले, पण त्याने मूठ सोडली नाही.

आणि मग...

त्याच्या मुठीवर दुसरी मूठ बसली.

गारढोण बोटं. एकेक बोट वेगळं कळत होतं. बोटं दाबत नव्हती, ओढत नव्हती. थंडीने कुडकुडणारा माणूस शेकोटी धरतो तशी ती त्याची मूठ धरून होती.

मूठ सुन्न पडली. सेन्सर गार झाला. पंखे थांबले.

आणि मामाला एका क्षणात कळलं की हा सेन्सर जास्त थंडी का दाखवतो ते.

 

त्या क्षणी त्याच्या डोक्यात एकच होतं, लेकीचं तोंड पुन्हा बघायचं. त्याने सेन्सर क्लिपमधून उपसला, शर्टाची दोन बटणं काढली, नळी काखेत दाबली आणि दोन्ही हात छातीशी आवळून बसला. पुन्हा पंखे घुमले. पाय बधिर झाले. आणि त्या घरघरीत...

त्याच्या शर्टाच्या बटणाशी कुणीतरी चाचपडत होतं.

"नको रे बाबा," मामा रडतच म्हणाला. "सोड मला. लेक वाट बघतेय."

चाचपडणं थांबलं नाही.

तेवढ्यात लांब कुठेतरी, अगदी बारीक, भोंगा वाजला.

किती वेळ गेला कोण जाणे. कडी निघाली. दिवा लागला. दार उघडून म्हातारा उंबऱ्यातच उभा राहिला आणि दाराच्या कडेचं रबर बोटाने तपासायला लागला. त्याला वाटलं, रबर फाटून गरम हवा आत जातेय.

मामाने सगळा जीव गोळा केला आणि ओरडला, "मी आहे आत!"

तोंड त्याचं उघडलं. छाती त्याची भरली. पण कानावर पडलं ते...

"कोणी नाही, लावा दार."

म्हाताऱ्याने मानसुद्धा वर केली नाही. रोजची रेडिओची जाहिरात ऐकावी तसं ऐकलं आणि दार लोटायला लागला.

पाय हलत नव्हते. हाताखाली रॅकवर ठेवलेली बॅग लागली. मामाने त्यात हात घातला, जे लागलं ते उपसलं आणि उरलेल्या सगळ्या ताकदीने दाराकडे भिरकावलं.

लेकीचा बूट. घसरत घसरत म्हाताऱ्याच्या पायाशी जाऊन थांबला.

म्हातारा थिजला.

"हा कुणाचा जोडा?" तो किंचाळला. "अरे कोण आहे रे आत!" आणि धावत आत आला.

मशीनरूममध्ये, दोन पोत्यांत गुंडाळून बसवल्यावर, मामाला आधी चहा मिळाला आणि मग शिव्या.

"बूट बाहेर का नाही काढले तुम्ही? बॅगेत कुणी बूट ठेवतं का? अहो, आम्ही चपला बघून दार लावतो!"

"मी ओरडलो ना एवढा! आवाज देऊन तरी बघायचा!"

"आवाजावर आम्ही जात नाही." म्हातारा एकदम हळू बोलायला लागला. "तो रोजच येतो."

मग त्याने सांगितलं. इथे एक हमाल होता. सगळ्यांची फिरकी घ्यायचा, म्हणून नावच फिरकी पडलेलं. तेव्हा दार लावताना दारवाला आत हाक मारायचा, 'कोण राहिलंय का?' आणि हा आतून ओरडायचा, 'कोणी नाही, लावा दार!' मग हसत हसत बाहेर यायचा. रोजची मस्करी. एका शनिवारी नवा दारवाला होता. त्याला मस्करी माहीत नव्हती. त्याने लावलं दार.

"सोमवारी उघडलं," म्हातारा म्हणाला. "तो दारवाला नोकरी सोडून गेला, मी आलो. तेव्हापासून चपला बाहेर. ज्याच्या चपला बाहेर, तो आत. चपला असल्या की दार लावायचं नाही."

"आणि त्या तारेच्या?"

"त्या त्याच्याच. कितीदा लांब टाकल्या, सकाळी परत तिथेच. शेवटी सोडून दिलं."

"पण आवाज तर माझा होता, काका. माझा स्वतःचा."

"मला माझा येतो," म्हातारा म्हणाला.

मामाला गाडीवर सोडायला तो निघाला. जाता जाता दोघांची नजर त्या दाराकडे गेली.

धुळीत चपलांच्या आकाराची स्वच्छ जागा होती...

चपला नव्हत्या.

म्हाताऱ्याने मामाच्या खांद्यावरचा हात पटकन काढून घेतला. गाडी येईपर्यंत तो मामाच्या शेजारीही उभा राहिला नाही.

संध्याकाळी मामा घरी पोचला. जरा वेळाने मामी केर टाकायला बाहेर गेली आणि दारातूनच म्हणाली, "अहो, बरोबर कुणाला आणलंत का? ह्या कुणाच्या चपला? तार बांधलेली आहे एकीला."

मामाच्या हातातला कप पडला.

आणि आतल्या खोलीतून आलं, "कोणी नाही, लाव दार."

मामी त्याच्याकडे बघतच राहिली. "मी... मी काही बोललेच नाही हो," ती म्हणाली. तिला तिचा आवाज आला होता.

मामाने त्याच रात्री म्हाताऱ्याला फोन लावला. काय करू, एवढंच विचारलं.

"दार लावू नका," म्हातारा म्हणाला. "चपला घालून तो स्वतः निघेपर्यंत लावू नका. मला तेवढंच माहीत आहे." आणि फोन ठेवला.

तेव्हापासून मामाच्या घराचं दार लागलेलं नाही.

तो बाहेरगावची कामं घेत नाही. दारात खुर्ची टाकून बसतो. रात्री तो आणि मामी आळीपाळीने जागतात. लेक म्हणते माझ्याकडे चला, तर म्हणतो, "दार लावल्याशिवाय घर सोडून येऊ कसा? आणि लावू कसं?"

मला आधी हे सगळं ऐकून हसू आलं होतं, खोटं कशाला बोलू?

मग मागच्या महिन्यात मी भेटायला गेले. दुपारची वेळ. मामी आत लवंडली होती, मामाचाही खुर्चीत डोळा लागला होता. किती वाळलाय तो! बाहेर ऊन रणरणत होतं आणि घरात मात्र मला शाल घ्यावी लागली. मला वाटलं, त्याच्या अंगावर वारा येतोय, दार नुसतं ओढून घेऊ. कडी नको लावायला.

मी उठले. दाराला हात लावला. उंबऱ्याबाहेर माझे सँडल होते, मामा-मामीच्या चपला होत्या आणि तो तारेचा जोड होता.

तेवढ्यात, अगदी माझ्या मानेजवळ... गार श्वास लागावा इतक्या जवळ...

"कोणी नाही, लाव दार."

माझा आवाज होता. मी तोंड उघडलं नव्हतं.

मी दार लावलं नाही. सँडल हातात घेतले आणि अनवाणी रस्त्यापर्यंत धावत गेले. मामाला उठवलंसुद्धा नाही, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. तेव्हापासून मी तिकडे गेलेली नाही.

तो रोज संध्याकाळी फोन करतो. "ये ना गं एकदा," म्हणतो. मी काहीतरी कारण सांगते. कारण सांगताना नीट कान देऊन ऐकते. आधी खात्री करून घेते की पलीकडून येणारा आवाज मामाचा आहे, माझा नाही.