डावा स्पीकर

घड्याळवाल्याचं शटर खाली होतं. ‘दहा मिनिटांत येतो’ अशी पाटी लटकत होती, पण ती दहा मिनिटं कधी सुरू झाली ते कुठे लिहिलेलं नव्हतं. म्हणून मनू शेजारच्या दुकानाच्या पायरीवर टेकली... आणि तिच्या पाठीमागे बासरी सुरू झाली.

रेडिओवरची नव्हे. ही बासरी श्वास घेत होती. मनू उठून आत डोकावली. जुन्या टेपरेकॉर्डरांच्या, स्पीकरांच्या गराड्यात एक तिशीचा माणूस बसला होता. ओठांत दोन स्क्रू धरलेले, त्यामुळे बोलता येईना. त्याने मानेनेच ‘या’ म्हटलं.

“रेकॉर्ड आहे का ही?”

त्याने स्क्रू काढले. “हो. घ्यायची आहे?”

“नाही, माझ्याकडे आहेत. मामाच्या. प्लेअर आहे, स्पीकर आहेत. मधलं ते जळलंय...”

“अँप्लिफायर.”

“तेच. पण मला फार महागातलं नको,” ती घाईघाईने म्हणाली. दुकानदारांची तिला भीतीच वाटायची. तशी तिला बऱ्याच गोष्टींची वाटायची. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात ती दिवसभर फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकायची, आणि आजवर तिने स्वतः कुणाकडे म्हणून तक्रार केली नव्हती.

“खोली केवढी?”

“पलंग टाकला की संपते.”

“शेजारी कोण?”

“आत्या.”

“आत्या शेजारी राहतात?”

“घरातच. पण भिंतीपेक्षा जास्त ऐकतात.”

तो हसला. त्याला सगळे मिस्त्रीच म्हणत. त्याने फळीवरचे दोन अँप्लिफायर खाली काढले. एकावर निळे दिवे लुकलुकत होते, दुसरा म्हणजे साधा काळा डबा.

“हा दिव्यांचा आहे ना, तो दिसायला नवरदेव. आत सगळा आनंदीआनंद. तुम्ही हा काळा न्या. सुई रेकॉर्डवरून जो आवाज उचलते तो मुंगीएवढा असतो, त्याला आधी हाताला धरून वर आणावं लागतं. याच्यात ती सोय आहे, वेगळा डबा घ्यायला नको. छोट्या खोलीला एवढी ताकद भरपूर झाली. आणि हा त्याच्या निम्म्या भावात.”

“मग तुमचं काय सुटणार?”

“तुम्ही परत याल ना,” तो म्हणाला, आणि लगेच लाल झाला. “म्हणजे... सुई साफ करायला वगैरे.”

मनू परत गेली. एकदा सुईचा ब्रश आणायला, एकदा वायर अर्धा हात कमी पडली म्हणून, आणि एकदा तर नुसतंच ‘छान वाजतोय’ हे सांगायला. दर वेळी परतताना तिच्या छातीत धडधडायचं. एवढं बरं चाललंय म्हणजे आता काहीतरी वाईट होणार, असा तिचा साधा हिशेब होता.

तिसऱ्या आठवड्यात तिला सर्दी झाली. कानात दडे बसले, डोकं जड झालं. आणि बुधवारी संध्याकाळी तिने बासरीची रेकॉर्ड लावली तर डावा स्पीकर मुका. वायर हलवून पाहिली, बटणं फिरवून पाहिली. काही नाही.

आत्या म्हणाली, “फसवलं बघ तुला. गोड बोलून गळा कापणारी माणसं असतात.”

गुरुवारी मनूने सुट्टी टाकली, काळा डबा पिशवीत घालून दुकानात गेली आणि आयुष्यातली पहिली तक्रार केली. “डावी बाजू बंद पडलीय. तुम्ही सांगितलं म्हणून मी हा घेतला.”

मिस्त्रीने वाद घातला नाही. त्याने वायरी जोडल्या, तिला समोरच्या स्टुलावर बसवलं आणि रेकॉर्ड लावली.

“बघा,” ती म्हणाली. “डाव्यातून काही नाही.”

तो डाव्या स्पीकरजवळ गेला. जाळीवर तळहात ठेवला. मग उजव्यापाशी गेला. मग पुन्हा डाव्याकडे. मनूला वाटलं, हा आता काय कारण सांगावं याचा विचार करतोय. त्याने वायरींची अदलाबदल केली.

“आता?”

“आताही डावाच बंद.”

त्याच्या चेहऱ्याचा रंग उतरला.

“मॅडम, जरा... स्टूल फिरवून बसता? माझ्याकडे पाठ करून.”

“कशाला?”

“बसा ना.”

ती भिंतीकडे तोंड करून बसली. बासरी वाजत होती, पण आता ती दुसऱ्या बाजूच्या स्पीकरमधून येत होती. मघाशी जो मुका होता त्याच्यातून! मनू तशीच बसून राहिली. भिंतीवर एका जुन्या रेडिओची जाहिरात होती, तिची अक्षरं तिने तीनतीनदा वाचली. मग हळूच उजवा कान बोटाने बंद केला.

बासरी गेली. रस्ता गेला. सगळंच गेलं.

“दडा बसलाय,” ती म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला लांबून आल्यासारखा वाटला. “सर्दी आहे मला. जाईल.”

मिस्त्री तिच्या समोर येऊन उकिडवा बसला. “तुम्हाला वाटेल, हा आपला माल खपवायला माझ्या कानात खोट काढतोय. मी हा डबा आत्ता परत घेतो. वाटलं तर तुम्ही मला चोर म्हणा. पण आज, आत्ता, कानाच्या डॉक्टरांकडे चला. माझ्या वडिलांनी ‘दडाच आहे’ म्हणत महिना काढला होता. मग डॉक्टर म्हणाले, उशीर झाला.”

बोलता बोलता तो दुकानाची किल्ली शोधत होता, आणि ती त्याच्या हातातच होती. मनूला एकदम कळलं की हा माणूस तिच्यापेक्षा जास्त घाबरलाय. तिने पर्स उचलली.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं, यंत्रावर मोजलं, आणि आडपडदा न ठेवता सांगितलं. कानाची नस अचानक झोपली होती. ऑफिसात फोनचा हेडसेट मनू उजव्या कानावर लावायची, म्हणून तिथे काही लक्षात आलं नव्हतं. “लवकर आलात, हे बरं झालं. दोन आठवडे औषध घ्या. कुणाचं पूर्ण परत येतं, कुणाचं थोडं. कुणाचं नाहीही येत.”

“आणि दुसरा कान?” मनूने विचारलं.

“तो चांगला आहे. सहसा एकाच बाजूला होतं.”

त्या ‘सहसा’ने मनूचा पिच्छा पुरवला. तासातासाला ती उजव्या कानाशी बोटं चोळून बघायची, आवाज येतोय ना. नळ सोडून थेंब ऐकायची. रस्त्यावर डावीकडून सायकल आली की जीव भांड्यात पडायला वेळ लागायचा. बासरीकडे तर तिने पाहिलंसुद्धा नाही. दुकानाच्या गल्लीत पाऊल टाकलं नाही. एका कानाच्या मुलीची कीव करायला कुणी यावं, हे तिला नको होतं. आणि तो आलाच नाही तर? त्याची तर त्याहून धास्ती.

पाचव्या दिवशी तो आला. हातात काळा डबा.

“हा दुकानातच राहिला होता,” तो आत्याला म्हणाला.

आत्याने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “तुम्हीच का ते गोड बोलणारे?” आणि मग जरा नरमून, “तुम्ही तिला वेळेवर नेलंत. बसा.”

त्याने अँप्लिफायर जोडला. पुढच्या बाजूला एक नवं बारीक बटण होतं, नंतर बसवलेलं, जरासं वाकडं.

“हे दाबलं की दोन्ही बाजूंचा आवाज एक होतो. दोन्ही स्पीकर सारखंच वाजतात.” तो तिच्याकडे न बघता बोलत होता. “म्हणजे कुठल्याही बाजूने ऐका... रेकॉर्डमधलं काही सुटणार नाही.”

मनूने बटण दाबलं. बासरीच्या मागचा, डाव्या बाजूचा तबला, जो गेल्या बुधवारपासून नाहीसा झाला होता, तो उजव्या कानाशी येऊन बसला. ती रडली. आत्या चहाच्या निमित्ताने आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

पंधराव्या दिवशी पुन्हा तपासणी होती. आत्याचे गुडघे धरले होते, म्हणून बरोबर मिस्त्री आला. निदान आत्याने तरी तसंच सांगितलं. काचेच्या बंद खोलीत मनू कानांवर हेडफोन लावून बसली. आवाज आला की बटण दाबायचं. डाव्या बाजूला नुसती शांतता... शांतता... मग कुठेतरी खोल, विहिरीत खडा पडावा तसं काहीतरी. तिने बटण दाबलं. खरंच आला की मनानेच घेतला, तिला कळेना.

तपासणीचा कागद यायला वेळ होता. दोघं बाहेरच्या बाकावर बसली. मनूने हात मांडीखाली दाबून धरले होते. समोर पाण्याचं पिंप ठिबकत होतं. बऱ्याच वेळाने तिने मान वळवली तर मिस्त्री कानाच्या पाळीपर्यंत लाल झालेला, आणि तिच्याकडे असा बघतोय की जणू कागद त्याचाच यायचाय.

“काय झालं?”

“तुम्ही... काहीच बोलला नाहीत.”

“कशावर?”

तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आलं की आपण तिच्या डाव्या हाताला बसलोय. त्याने कपाळावर हात मारला. “अरे देवा. सगळं बोलून झालं माझं.”

“काय बोललात?”

“काही नाही.”

“सांगा ना.”

“एकदा बोलायला पंधरा दिवस लागले हो!”

मनूला हसू आलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी हाक मारली. अर्धंअधिक ऐकणं परतलं होतं. उरलेलं येईल की नाही, ते आत्ता सांगता येत नव्हतं.

दाराबाहेर आल्यावर मनू थांबली. “ऐकलंत ना? अर्धंच. आणि उद्या दुसराही गेला तर?”

“मग लिहून देईन.”

“रोज?”

“माझं अक्षर वाईट आहे. तुम्हाला जवळ बसून वाचावं लागेल.”

भीती कुठे गेली नव्हती. ती तिथेच होती, पोटात, रोजच्या जागी. तरी मनू त्याला वळसा घालून गेली, त्याच्या डाव्या हाताला उभी राहिली, आणि आपला उजवा कान त्याच्याकडे केला.

“आता बोल,” ती म्हणाली. “सगळं, पहिल्यापासून. आणि ते ‘तुम्ही’ सोड.”