बाटलीतली गोगलगाय

"मॅडम, माझं पाणी चोरीला गेलंय."

इन्स्पेक्टर बाईंनी फोन कानापासून दूर धरून त्याच्याकडे एकदा बघून घेतलं. सोनं गेलं, गाडी गेली, नवरा गेला, सगळं त्यांनी ऐकलं होतं. पाणी पहिल्यांदाच.

"किती पाणी?"

"चार बाटल्या. म्हणजे बाटल्या आहेत, पण आतलं पाणी माझं नाही. लवकर या, नाहीतर वस्तीतला हातपंप पुन्हा सुरू करतील."

बोलणारी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेतली संशोधिका होती. तिने बोलावलं तेही त्या पंपावरच. बाई जीपमधून उतरल्या आणि त्यांनी आधी रुमाल नाकाला लावला.

पंपाशेजारून ओढा वाहत होता. वाहत कसला, कुजत होता. रंगाच्या कारखान्याचा पाइप त्यात तोंड घालून बसला होता आणि त्याच्या खाली पाणी जांभळं, वर पिवळट फेस, फेसात पोट वर केलेले मासे. काठावर पाय टाकला की बुटाच्या ठशात काळं पाणी भरायचं. नासक्या अंड्यांचा वास गणवेशात शिरला तो शिरलाच. स्वतःच्या अंगणात कुणी थुंकत नाही, पण ओढा म्हटला की सगळ्यांना रान मोकळं.

संशोधिका मात्र नाकाला रुमालही न लावता उभी होती. पंपाच्या दांड्याला साखळी होती.

"या पंपाच्या पाण्यात मला विषारी धातू सापडले," ती म्हणाली. "म्हणून साखळी घातली. कारखान्याने बोंब मारली, म्हणून पुन्हा नमुने घेतले. काल मशीन म्हणालं, पाणी स्वच्छ!"

"पहिल्या वेळी तुझीच चूक झाली नसेल कशावरून?"

"माझी आत्या याच वस्तीत राहते, मॅडम. तिच्या तळहातांवर काळे डाग पडलेत. इथल्या पोरांच्याही हातांवर उठायला लागलेत."

"नमुना घेतेस कसा?"

"पंप भरपूर हापसायचा, बाटली त्याच पाण्याने विसळायची, भरायची आणि इथेच उभं राहून आम्लाचे थेंब टाकायचे. नाहीतर धातू बाटलीच्या आतल्या बाजूला चिकटतो, मशीनला दिसतच नाही. मग प्रयोगशाळेतल्या कपाटात."

"कपाटाची किल्ली?"

"भिंतीवरच्या खिळ्याला. कुणीही घ्यावी."

प्रयोगशाळेत मशीन चालवणारा तंत्रज्ञ बाईंना बघूनच घामाघूम झाला.

"तुमचा मेहुणा रंगाच्या कारखान्यात आहे म्हणे?"

"आहे. पण आईशप्पथ मॅडम, मी काही केलं नाही! मशीनला जे दिलं ते मशीनने सांगितलं."

"बाटल्यांत काही वेगळं दिसलं?"

"मी बघतच नाही. वरून थोडं ओढून घेतो, झालं. दिवसभर आम्लाशीच खेळ असतो माझा." त्याने बोटं पुढे केली. कातडं पिवळं पडून सोलवटलं होतं.

प्रयोगशाळेच्या प्रमुखांना सगळे सर म्हणत. त्यांची खोली थंडगार, सुगंधी. कोपऱ्यात काचेची मोठी टाकी, त्यात लाल मासे, काचेवर चिकटलेल्या बारक्या गोगलगायी. पाणी काठापासून बोटभर खाली उतरलं होतं आणि काचेवर जुन्या पातळीची पांढरी रेघ होती. भिंतीवर नव्या इमारतीचं चित्र होतं, खाली कारखान्याचं नाव.

सर माशांना खाऊ घालत होते. "नळाचं पाणी यांना सोसत नाही. घरच्या विहिरीचं आणून भरतो. टाकीला कुणाला हात लावू देत नाही आणि खोलीची किल्ली माझ्याच खिशात."

"तुम्ही पंपावर जाऊन आलात का?"

सरांनी नुसत्या नावानेच नाक मुरडलं. "त्या गटारावर? वर्षं झाली. ती कामं ही पोरं करतात. मुलगी हुशार आहे हो, पण आत्याच्या मायेपोटी आकडे फुगवले असणार. तिची नोकरी काही राहत नाही आता. साखळी काढायला मी माणूस पाठवलाय."

बाईंनी कपाट उघडून एकेक बाटली खिडकीशी धरली. तिसऱ्या बाटलीत आतल्या बाजूने मोहरीएवढं काहीतरी सरकत होतं.

त्यांनी डोळे बारीक केले. मग तंत्रज्ञाकडून निळा लिटमस कागद मागून घेतला आणि सगळ्यांना सरांच्या खोलीत बोलावलं.

"शाळेत शिकलो तेवढंच मला येतं," बाई म्हणाल्या. "आम्लात निळा कागद लाल होतो." त्यांनी कागद बाटलीत बुडवला. कागद निळाच राहिला.

संशोधिका ओरडली, "मी थेंब टाकले होते!"

"टाकलेस. पण हे तुझं पाणी नाही. यात गोगलगाय फिरतेय, तीही शंखासकट. आम्लात जीव राहिला नसता आणि शंखही राहिला नसता. शिवाय जमिनीच्या पोटातून आलेल्या पाण्यात गोगलगाय येईल कुठून?"

टाकीतला पंप तेवढा बुडबुडे सोडत होता.

"पाणी बदलणारा हुशार आहे. नळाचं घेतलं नाही, त्याला औषधाचा वास येतो. विहिरीचं घेतलं, म्हणजे मशीनलाही ते जमिनीतलंच वाटावं. फक्त आम्ल विसरला. दिवसभर आम्लात हात घालणारा हा तंत्रज्ञ ते विसरेल? पंपावर उभं राहून थेंब टाकणारी ही मुलगी विसरेल? विसरेल तो, ज्याने वासाच्या भीतीने वर्षानुवर्षं ओढ्याचं तोंड पाहिलेलं नाही." त्या टाकीकडे वळल्या. "बोटभर पाणी कुठे गेलं, सर?"

सर खुर्चीत बसले. रुमालाने कपाळ पुसलं. नाकारायचंही त्यांच्या मनात आलं नाही.

"नवी इमारत मिळत होती, नवी मशीनं. किती संशोधन झालं असतं! आणि त्या वस्तीतल्यांना सवय असते हो. काही होत नाही त्यांना."

बाईंना ओढ्यावर आली नव्हती एवढी किळस आता आली. या माणसाच्या टेबलावरच्या पेल्याला हात लावायचीही त्यांना शिसारी वाटली.

"साखळी काढणारा कधी निघालाय?"

"तुम्ही इथे आलात, तेव्हाच."

जीप पंपाशी पोचली तेव्हा साखळी चिखलात पडली होती. बायकांची रांग लागली होती आणि हापसण्याचा आवाज लांबूनच येत होता. संशोधिका धावत सुटली. आत्या भरलेली कळशी कमरेवर घेऊन घराकडे निघालीच होती.

"आत्या, ओत ते! पिऊ नकोस!"

आत्या थांबली. डागाळलेल्या हाताने तिने पदर सारखा केला.

"अगं, तुमच्या सरांचा माणूस आला होता. पाणी चांगलं आहे म्हणाला." तिने कळशी खाली ठेवली. "पोरं पहाटेपासून तहानलेली. आधी त्यांनाच पाजलं."