कप्प्यावरचं नाव

भर दुपारी एदेल्मिरा नेहमीसारखी आपल्या मेलेल्यासाठी ठेवलेल्या पेल्यातलं पाणी बदलायला कब्रस्तानात गेली, तेव्हा लाकडाचा व्यापारी एवेलिओ तिच्या कप्प्यापाशी उभा होता.

मागदालेना नदीकाठच्या त्या गावात बेवारस प्रेतं पाण्यातून येत. कोळी ती काठाला लावत, मग ती कब्रस्तानाच्या भिंतीतल्या कप्प्यांत जात आणि गावातलं कुणीतरी एखाद्याला आपला मानी. कप्पा रंगवायचा, नाव द्यायचं, आणि मागणं सांगण्याआधी दगडावर तीनदा टकटक करायची. धक्क्यावर मासे तळणाऱ्या एदेल्मिरानं आपल्या मेलेल्याला निळा रंग दिला होता आणि नदीवर हरवलेल्या मुलाचं नाव, विल्मार. शेजारणींसाठी मागितलेलं सगळं तो देई. स्वतःसाठी ती एकच मागे, "माझा पोरगा घरी आण." तेवढं मात्र होत नव्हतं.

"मावशी, तुमचा मेलेला फार गुणाचा म्हणतात. मला विका."

"शेठ, तो काय कोंबडा आहे?"

"कोंबड्याला मी एवढे देत नाही." त्यानं तिच्या डोळ्यांतल्या पांढुरक्या सायीकडे पाहिलं. "डोळ्यांचं ऑपरेशन होईल यात. उद्या पोरगा समोर उभा राहिला, तर ओळखाल कशावरून? वासावरून?"

हे तिला लागलं. तिनं दगडावरून एकदा हात फिरवला. मग तिनं पैसे घेतले.

एवेलिओनं कप्पा हिरवा रंगवला आणि वर नाव घातलं, नासारिओ. नवा मालक, नवं नाव.

डोळे बरे झाले. एका दुपारी एवेलिओ तिच्या चुलीपाशी आला. टोपी हातात होती.

"मावशी... जरा घरी येता? एक पोरगा आलाय. दारावर तीनदा टकटक केली त्यानं. मला बाबा म्हणतो."

"मग जेवू घाला."

"जेवत नाही." त्याचा आवाज खाली गेला. "अंगावरचे कपडे वाळतही नाहीत..."

ओसरीवर नदीच्या गाळाचा वास भरला होता. वेताच्या खुर्चीत पोरगा बसला होता, सदऱ्यातून पाणी ठिबकत होतं. भुवईवर डाग, तिच्याच कढईतलं तेल उडून पडलेला. वय मात्र तो गेला त्या दिवसाचंच.

"विल्मार..."

त्यानं परक्या बाईकडे पाहावं तसं अदबीनं पाहिलं. "चुकलात, मावशी. मी नासारिओ."

"शेठ, पैसे घ्या परत. हा माझा आहे..."

"पैसे नकोत. ह्याला न्या. पण तो उठतच नाही हो..."

दुसरं काही न सुचून एदेल्मिरानं खुर्चीच्या हातावर तीनदा टकटक केली. पोरगा एकदम स्तब्ध झाला. त्यानं कान पुढे केला.

"बाबा, हिचं ऐकू?"

एवेलिओनं घाईघाईनं मान हलवली.

तिला म्हणायचं होतं, तू घरी चल. पण इतक्या वर्षांची सवय ओठांवर आली. "माझा पोरगा घरी आण."

"आणतो," तो म्हणाला, आणि उठून नदीकडे उतरला. ती मागून "विल्मार, विल्मार" अशा हाका मारत राहिली, त्या नावाला त्यानं वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या दारावर तीनदा टकटक झाली. तो उभा होता. त्याच्या हातात हात देऊन दुसरा एक पोरगा, तसाच निथळणारा.

"हाच का, मावशी?"

"नाही..."

त्यानं समजुतीनं मान डोलावली आणि त्याला परत घेऊन गेला.

तेव्हापासून रोज दुपारी टकटक होते. रोज वेगळा पोरगा. नदी लांबलचक आहे. आणि एदेल्मिराला आता प्रत्येकाचा चेहरा अगदी स्वच्छ दिसतो.