हिंदुरावाचं ताट

यशराज, तो मोबाइल पालथा ठेव. उत्कर्षा, तूही. जेवून उठलात ना, आता घटकाभर बसा म्हाताऱ्याजवळ. आणि हे मनगटावर काय रे नवीन? पावलं मोजतं? घरातून गोठ्यापर्यंत जायला कुरकुरणाऱ्या माणसाची पावलं मोजून त्या घड्याळाचं तरी कसं भागणार.

असंच एक घड्याळ अविराजच्या हातावर होतं. आपल्या शेजारच्या हिंदुरावाचा भाचा, बारामतीत विम्याच्या कचेरीत असतो तो. हल्ली येतो तेव्हा मान खाली घालून येतो आणि तसाच जातो, म्हणून तुम्हाला तो गरीब वाटतो. गरीब कसला. सांगतो ऐका. निम्मं माझ्या डोळ्यांदेखत झालंय, निम्मं त्यानं स्वतः मला सांगितलंय.

हा अविराज पळायचा. पोलिसात भरती व्हायचं होतं असंही नाही. नुसती हौस. पहाटे चारला उठून दहा किलोमीटर पळायचं आणि परतताना मिसळीच्या गाड्यावर उभं राहायचं. मिसळ, वर चार पाव, वर जादा तर्री, मग पोहे, मग गरम जिलबी. म्हणायचा, ‘तात्या, जाळलं तेवढं भरावं लागतं.’ रविवारी भिगवणपर्यंत पळत जाऊन माशांचं ताट हाणायचा आणि एसटीनं परत यायचा. पळण्यासाठी खातो की खाण्यासाठी पळतो, हे त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. ताट आलं की आधी फोटो, मग घास, मग दहापैकी गुण. दुसऱ्याच्या घरात पाटावर बसून बाईच्या स्वयंपाकाला गुण देणारा माणूस मला कधी आवडला नाही, आजही आवडत नाही.

हिंदुराव मात्र माझा दोस्त. पुण्याला त्याचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं. आदल्या रात्रीपासून काही खायचं नाही असा हुकूम. सकाळचं ऑपरेशन दुपारवर गेलं, दुपारचं संध्याकाळवर. हा सारखा बायकोला, द्वारकाबाईला म्हणतोय, ‘चतकोर भाकरी दे गं.’ ती म्हणतेय, ‘डॉक्टर न्हाय म्हणत्यात.’ संध्याकाळी आत नेताना तो तिला म्हणाला, ‘उपाशी ठिवलंस की गं मला.’ तेवढंच. परत बाहेर आला तो झाकलेला, मनगटावर सुईची पट्टी तशीच.

त्यात कुणाची चूक नव्हती. पण हे तिला कोण पटवणार? पोटी मूल नाही, घरात बोलायला माणूस नाही. त्या दिवसापासून ती ताटावर बसली नाही. चुलीपाशी उभ्या उभ्या अर्धी भाकरी मोडायची, तीही निम्मी कुत्र्याला. वाळून काटकी झाली. बायकांनी समजावलं, मी रागावलो, काही उपयोग झाला नाही. म्हणायची, ‘त्यांचं प्वाट भरल्यालं कळू द्या, मंग माझं बगू.’

वर्षश्राद्ध झालं आणि पहिला म्हाळ आला. पितृपक्षातलं जेवण, तुम्ही नुसते वडे खायला जाता ते. आमच्या भावकीत म्हाळ दिवेलागणीला असतो आणि गेलेल्याच्या जागी एका माणसाला पितर म्हणून बसवतात. भाचा असला तर उत्तम. त्याला वाढायचं, जेवून झालं की घरधनिणीनं विचारायचं, ‘पोट भरलं का?’ आणि त्यानं म्हणायचं, ‘भरलं.’ त्याचं भरलं की गेलेल्याचं भरलं. बस्स, एवढंच काम. शेंबड्या पोरालाही जमेल असं.

तारीख एकोणीस सप्टेंबर दोन हजार पंचवीस, शुक्रवार, भाद्रपद वद्य त्रयोदशी. अविराजला त्याच्या आईनं पाठवलं. तो आला बारामतीहून पळत. अर्धी चड्डी, अंगाला चिकटलेला बनियन, कपाळाला टॉर्च, दंडाला कसलीशी गोड चिकट रसाची पुडी. पितर म्हणून! द्वारकाबाईनं हिंदुरावाचं धुतलेलं धोतर पुढं केलं तर म्हणाला, ‘नको मामी, पुढं पळायचंय.’

कारण साहेबांना त्याच संध्याकाळी दुसरंही आमंत्रण होतं. भवानीनगरला, कारखान्याच्या वसाहतीत, अनिमेष नावाच्या मित्राकडं. आपल्या काटेवाडीपासून सहा किलोमीटर. तिथली गव्हाची खीर म्हणे फार नावाजलेली. म्हणून यानं हिशेब केला होता, इथं अर्धं पोट, मग पळायचं, तिथं उरलेलं अर्धं.

ताटात काय नव्हतं? उडदाचे वडे, भजी, कढी, आमटी, तांदळाची खीर, भोपळा, कारलं, गवारी. चौदा महिने ज्या बाईनं नीट चूल पेटवली नव्हती तिनं पहाटेपासून रांधलं होतं. यानं फोटो काढला. दोन वडे खाल्ले, खीर चाटली, कढीचा भुरका मारला. ‘वडे नऊ, खीर आठ,’ म्हणाला. गवारी, कारलं, भात तसाच.

द्वारकाबाई पुढं आली. हात जोडून तिनं विचारलं, ‘प्वाट भरलं का?’

‘छे! निम्मं रिकामं हाय अजून.’

भिंतीपाशी बसलेली चार माणसं एकमेकांकडं बघायला लागली. मी म्हणालो, ‘अरं, व्हय म्हण की.’

‘तात्या, खोटं कशाला बोलू? मी प्लॅन करून खातो.’

‘खोटं नकोच,’ द्वारकाबाई म्हणाली. ‘मी वाढते अजून. बसा की जरा. भरंल तवाच म्हणा.’

‘मामी, आत्माबित्मा काही नसतं हो. मस्त झालं होतं सगळं.’ बोलता बोलता बुटाचे बंद बांधूनही झाले. आठ चाळीसला घड्याळाचं बटण दाबून तो उंबऱ्यावरून पळत गेला. मी त्याला जे बोललो ते उत्कर्षासमोर सांगण्यासारखं नाही.

द्वारकाबाईनं ताटावर परात झाकली. म्हणाली, ‘साडेअकरापतोर तिथी हाय. तवर ताट उचलायचं न्हाय.’ आणि समईत तेल घालून बसली. लोक उठून गेले. मी थांबलो.

आता त्याचं ऐका.

हा निघाला कॅनॉलच्या कडेनं. दोन्ही अंगाला ऊस. पहिला किलोमीटर बरा गेला. दुसऱ्याला मागं पायताण वाजलं. फट्... फट्... फट्... कुणी म्हातारं माणूस सावकाश चालतंय तसं. याला वाटलं कुणी पाणी धरायला निघालं असेल. हा पळतोय. आवाज मागं पडायला हवा.

पडला नाही.

‘कुठनं आलास?’ अंधारातून विचारलं.

‘काटेवाडीतनं. म्हाळ हुता.’

‘पळतुयास कशाला? कुनी मागं लागलंय का?’

हा हसला. म्हणाला, ‘न्हाय, हौस.’

‘काय क्येलं हुतं जेवायला?’

खाण्याचं विचारल्यावर याची कळी खुलली. वडे, खीर, कढी, सगळं घडाघडा सांगितलं.

‘गवारी?’

‘हुती.’

‘कशी झालती?’

‘...खाल्ली नाही.’

फट्... फट्...

‘खीर ग्वाड झालती?’

आणि तिथं तो अडकला. खीर आठवेना. रंग आठवतोय, वाटी आठवतेय. चव आठवेना. वड्याची नाही. कढीची नाही. जीभ कोरडी ठक्क. ज्या माणसाला बारामतीतल्या प्रत्येक गाड्याची चटणी तोंडपाठ, त्याला अर्ध्या तासापूर्वीचा घास आठवेना.

‘न्हाय सांगता येत?’

यानं ओठ चाटून बघितले.

‘मंग खाल्लंस कशाला... माझ्या वाटचं?’

त्यानं टॉर्च वळवला. रस्ता मोकळा. ऊस हलत नव्हता. कुणी नाही.

पायताण वाजतच होतं.

मग तो पळाला. खरा पळाला, आयुष्यात पहिल्यांदा. आणि पोटात भूक उठली. तो म्हणाला, तात्या, ती माझी भूक नव्हती. फार जुनी होती.

नऊ वीसला अनिमेषच्या दारात पोचला. पाय न धुता पाटावर बसला. अनिमेषच्या आईनं, मंदाकिनीबाईंनी वाढलं. यानं पंचवीस पुऱ्या खाल्ल्या. खिरीचं पातेलं ओढून घेतलं. भात संपला. आमटी संपली. आधी घरचे हसत होते, आता कुणी हसेना. फोटो नाही, गुण नाहीत. ‘वाढा... वाढा...’ एवढंच. शेवटी परातीतला कच्च्या कणकेचा गोळा उचलून खायला लागला तेव्हा अनिमेषनं त्याचे हात धरले. पोट आत, पाठीला गेलेलं. सव्वादहाला तो आडवा झाला. वसाहतीतले डॉक्टर आले, नाडी बघून म्हणाले, सकाळपर्यंत एकटं सोडू नका याला. खोलीत तीन माणसं बसली. खाटेवर हा, डोळे मिटलेले, ओठ हलतायत. ‘भूक... भूक...’

नीट लक्षात ठेवा. सव्वादहापासून तो भवानीनगरात, खाटेवर, तीन माणसांच्या नजरेसमोर होता.

इकडं मला यातलं काही ठाऊक नाही. अकराला लाईट गेली. समई तेवढी हिंदुरावाच्या फोटोपाशी. द्वारकाबाई भिंतीला टेकून, मी खांबाला. डुलकी लागत होती.

अकरा वाजून दहा मिनिटं झाली असतील. अंगणात पावलं वाजली.

सावकाश.

पायताणाची. मनात आलं, बूट कुठं टाकले यानं? मग वाटलं, दमला असेल, कुणाचं तरी पायताण घालून चालत आला असेल. समईचा उजेड गुडघ्याच्या वर पोचत नव्हता. कुणीतरी आत आलं. पाटावर बसलं.

‘आलास?’ मी म्हणालो. ‘अक्कल आली म्हणायची. लाज वाटली का त्या बाईला तसं सोडून जाताना? नुसतं गिळायला पायजे तुला.’

मला जोर चढला. मी त्याला खादाड म्हणालो, निर्लज्ज म्हणालो, हिंदुरावाच्या नखाची सर तुला यायची नाही म्हणालो. तो मान खाली घालून बसला होता. मला वाटलं, बरी जिरली.

द्वारकाबाई उठली. परात काढली. आणि तिनं डोक्यावर पदर घेतला.

भाच्यासमोर कुठली मामी पदर घेते रे? पण हे मला तेव्हा सुचलं नाही. सुचलं असतं तर मी तिथं बसलो नसतो.

तो जेवायला लागला. हळू. गवारी. कारलं. भात. थंडगार झालेलं सगळं. ती वाढत होती, तो खात होता. चावण्याचा आवाज तेवढा... आणि मध्येच एक श्वास, लांब... सुखाचा.

माझं रागावणं कधीच थांबलं होतं. का ते कळत नव्हतं.

ताट रिकामं झालं.

तिनं हात जोडले.

‘प्वाट... भरलं का?’

समईची वात फडफडली. फोटोच्या बाजूला भिंतीवरचं घड्याळ टिकटिकत होतं. साडेअकराला पाच कमी.

‘भरलं,’ तो म्हणाला. ‘आता तू जेव.’

माझी मान वर झाली नाही. खरं सांगतो, मी बघितलं नाही. पन्नास वर्षं ऐकलेला आवाज होता तो.

पायताण अंगणात वाजलं. मग वाजायचं थांबलं.

द्वारकाबाईनं स्वतःला ताट वाढून घेतलं. जमिनीवर बसली, मांडी घातली, आणि जेवली. रडत जेवली, पण वाढलेलं सगळं जेवली. मी तिच्याकडं पाठ करून बसलो. बाईमाणसानं चौदा महिन्यांनी ताटावर बसून खाल्लेला पहिला घास बघत बसू नये.

सकाळी सहाला अनिमेषचा फोन आला. अविराज हलला नव्हता. रात्री अकरा पंचवीसला बेशुद्धीतच त्याला एक लांबलचक ढेकर आली, आणि मग तो लहान पोरासारखा झोपला, म्हणाला. तिघांनीही घड्याळ बघितलं होतं. द्वारकाबाईला काही सांगितलं नाही. तिनं विचारलंही नाही. तिला कुणी सांगायची गरज नव्हती, मूर्ख होतो तो मीच.

अविराज अजून पळतो. पण दुसऱ्याच्या घरी जेवला की वाढणाऱ्या बाईला ‘भरलं’ म्हटल्याशिवाय उठत नाही. एवढी साधी गोष्ट शिकायला त्याला मेलेला मामा लागला.

काय रे यशराज, हसतोस? आवाजाचा भास झाला असेल म्हातार्‍याला, असंच ना? मीही स्वतःला तसंच समजावत होतो. सकाळी पाट उचलायला गेलो तोपर्यंत.

हिंदुरावाला अग्नी देऊन चौदा महिने झाले होते. मी स्वतः खांदा दिलेला. ताट धुतल्यासारखं स्वच्छ होतं, आणि पाटाच्या उजव्या अंगाला, जेवायला बसताना हातावरची काढून ठेवावी तशी, दवाखान्यात सुई हलू नये म्हणून चिकटवतात ती पांढरी पट्टी पडली होती. कापसासकट. कापूस ओला होता. चिकट बाजूला मनगटावरचे चार पांढरे केस उपटून आलेले होते.